नदीकाठची वही

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

दळण, कांडण, धारा, गोठा आवरून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर हातातलं काम चालू ठेवूनच ऐकत असाल. काम चालू द्या. मला आज एका वहीबद्दल बोलायचंय.

ही वही शंभर पानी आहे, पोराच्या दप्तरातली उरलेली. गटाच्या हिशेबाची वही आपण सगळ्याच ठेवतो. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, ते त्यात असतं. पण या वहीत पैशाचा एक आकडा नाही. तिच्यात आमच्या नदीघाटाच्या नोंदी आहेत. दर सोमवारी धुणं घेऊन गेलं की काय दिसलं, ते घरी येऊन दोन-चार ओळींत लिहायचं. २०२० पासून हे चाललंय.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर आहे. वरच्या अंगाला प्रयाग चिखली. तिथं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येतं. पाचवी सरस्वती गुप्त आहे असं मानतात, म्हणून नाव पंचगंगा. संक्रांतीला आपल्यातल्या कितीतरी जणी तिथं स्नानाला जातात. तर आमच्या गावची पाणंद जिथं नदीत उतरते, तिथं जुना दगडी घाट आहे. घाटावर पार बांधलेला एक उंबर, त्याच्या शेजारी एक करंज, पाण्यावर वाकलेल्या दोन बाभळी आणि थोडं खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. आमची जागा एवढीच. पंधरा मिनिटांत सगळी बघून होते.

वही का सुरू झाली ते आधी सांगते.

२००५ चा मोठा पूर आला तेव्हा मी नुकती लग्न होऊन आले होते. पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि तिथून परत फिरलं. गावानं ती खूण मनात धरली. ‘तिसऱ्या पायरीच्या वर पाणी येत नाही,’ असं पोरंसोरंसुद्धा म्हणायची. मग आला २०१९ चा ऑगस्ट. तिसरी पायरी बुडाली, चौथी बुडाली, देव पाण्यात गेला. रात्री आम्ही म्हशी सोडून अंधारातनं माळावरच्या शाळेत नेल्या. मागच्या सोप्यात बांधलेली रेडी मात्र राहिली. परत जायला वाट नव्हती. राजाराम बंधाऱ्यावर त्या वेळी पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढताना माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायचे, एकदम म्हणाल्या, “चार दिस आधी पाणी उंबराच्या पाराला लागलं, तवाच माझ्या मनात आलंतं. ह्या साली चढ निराळा हाय.”

मी म्हटलं, “मग आत्ती, बोलला का नाही?”

त्या म्हणाल्या, “कोण ऐकणार हुतं?”

मैत्रिणींनो, ते मला फार लागलं. चाळीस वर्षं ती बाई रोज त्या घाटावर जात होती. तिच्याइतकी नदी गावात कुणी बघितली नव्हती. पण तिचं बघणं कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याला वजन नव्हतं. मारुतीच्या पायरीची आठवण सगळ्यांना होती, कारण ती सगळ्यांनी मिळून सांगितली होती. आत्तींना लिहिता येत नव्हतं. मी बारावीपर्यंत शिकलेली. मग ठरलं, त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं.

आता वर्षभरात काय दिसतं ते थोडं सांगते. तुमच्या गावी थोडं मागंपुढं असेल.

चैत्रात नदी खाली गेलेली असते. बंधाऱ्यात बरगे घातलेले असतात, त्यामुळं पाणी अडलेलं आणि संथ. करंजाची जुनी पानं गळून पोपटी पालवी आलेली असते, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जांभळट-पांढऱ्या फुलांचा सडा पारावर पडतो. कोकीळ ओरडायला लागलेली असते. उंबराचं तसं नाही. त्याला एका हंगामाचं बंधन नाही, वर्षातनं दोन-तीनदा खोडाला उंबरं लगडतात. ज्या आठवड्यात ती पिकतात त्या आठवड्यात घाटावर बुलबुल, साळुंक्या, धनेश यांची गर्दी होते, आणि रात्री वटवाघळं येतात.

याच दिवसांत पाणी हिरवट होतं. जलपर्णी काठानं पसरते. काही वर्षी पाण्याला वास येतो, एकदा दोनदा मासे मरून काठाला लागले. हे सुद्धा वहीत आहे. जे चांगलं तेच लिहायचं असं आम्ही केलं नाही. कुठल्या सोमवारी वास आला, जनावरांनी पाणी प्यायलं की तोंड फिरवलं, ते तारखेसह लिहिलं. पुढं ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला तेव्हा ‘नेहमीच घाण असतं’ असं मोघम बोलायची वेळ आली नाही. आम्ही तारखा वाचून दाखवल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ठरावात आमचं म्हणणं आलं.

वैशाखाच्या शेवटी पावशा ओरडायला लागतो. ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय असं आपण म्हणतो. रोहिणी नक्षत्र साधारण २५ मेला लागतं. वळवाचा एखादा पाऊस झाला की बाभळीत काजवे दिसतात. राधानगरीच्या जंगलात तर झाडंच्या झाडं काजव्यांनी चमकतात, लोक लांबून बघायला जातात. आमच्या घाटावर दहा-वीस दिसतात, पण आम्ही तेवढे मोजतो. ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या पावसानं ओली झालेल्या मातीत लाल मखमलीसारखा मृगाचा किडा फिरताना दिसतो. ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे वर यायला लागतात. टाकळा, कुर्डू, तांदुळजा कुठं आधी उगवतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त पहिली भाजी कुठल्या तारखेला खुडली, ते लिहून ठेवायचं.

याच वेळी सुगरण घरटं विणायला घेते. विणतो तो नर, बरं का. एरवी चिमणीसारखा दिसणारा पक्षी, पावसाळ्याच्या तोंडावर डोकं आणि छाती पिवळी करून बसतो. उसाच्या पानाची लांब पट्टी चोचीनं फाडून आणतो आणि बाभळीच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला गाठ मारतो. घरटं अर्धं झालं की मादी येऊन बघून जाते. पसंत पडलं तरच पुढचं काम. आत्तींना हे फार आवडायचं. त्या म्हणायच्या, “आपल्याला असं घर बघून नवरा करायला मिळालं असतं तर!”

आषाढ-श्रावणात नदी आमची राहत नाही. पाणी आधी गढूळ, मग लाल होतं. घाटाच्या पायऱ्या एकेक करून जातात. त्या काळात धुणं घरीच, पण सोमवारची फेरी चुकवत नाही. पाण्याजवळ जायचं नाही, पाणंदीच्या वरच्या टोकाला उभं राहून बघायचं. याबद्दल मागून बोलते.

भाद्रपदात तेरडा फुलतो. गौरी आणायला पाणवठ्यावर जातो तेव्हा तो काठानं गुलाबी झालेला असतो. एके वर्षी तो इतका मागं होता की सणाला शोधत फिरावं लागलं. हस्त संपत आला की पाणी निवळतं, चतुर घिरट्या घालतात. मग एका सकाळी घाटाच्या दगडावर शेपटी वरखाली करणारा धोबी पक्षी दिसतो. तो उत्तरेच्या थंड मुलखातनं, हिमालयाच्या अंगानं येतो आणि आपल्याकडं हिवाळा काढून परत जातो. आमच्या वहीत तो बहुतेक वर्षी ऑक्टोबरात आलाय. बंधाऱ्यात बरगे घालतात ते पाऊस सरल्यावर. त्यानंतर उसाला तुरा, तोडणी, गुऱ्हाळाचा वास, पौषातलं नदीवरचं धुकं. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर लाल होतात, आणि करंज पुन्हा पानं गाळायला लागतो.

आता टिटवीची गोष्ट. आपल्याकडं म्हणतात, टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा, खाली पात्राजवळ घातली तर पाऊस कमी. आणि चार अंडी घातली तर चार महिने पाऊस. मी लहानपणापासून हे ऐकलेलं. आत्तींचाही विश्वास. मग आम्ही लिहायला लागलो. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या रानात खड्यांतच अंडी घालते. घाटाच्या वरच्या खडकाळ तुकड्यात ती दर उन्हाळ्यात असायचीच. लांबून बघायचं, जवळ गेलं की ती डोक्यावर ओरडत फिरते, आणि कुत्र्याला पत्ता लागतो.

काय दिसलं? २०२१ ला चार अंडी. त्या वर्षी महापूर आला. २०२३ ला चार अंडी. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आमच्या भाताला चिरा पडल्या. म्हणजे टिटवी चार अंडी घालते, कारण तिला बहुतेक वेळा चारच होतात. आणि २०२५ ला तिनं खाली, पात्राजवळ घातली. म्हणीप्रमाणं पाऊस कमी पाहिजे होता. पण त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला, मृग लागायच्या आधीच मान्सून महाराष्ट्रात आला. आमच्या बंधाऱ्याचे बरगे निघायच्या आत पाणी आलं, आणि टिटवीची अंडी वाहून गेली.

२०२१ चा पूर ओसरल्यावर मी आत्तींना टिटवीचं विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या, “तिला काय ठावं, धरणाचं दार कवा उघडतंय ते!” खरंच आहे. राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं आणि पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतनं आपल्या दारात येतं. टिटवीच्या अंड्यात ते कुठं दिसणार?

याच्यावरून मला एक कळलं. जुन्या बायकांचं बघणं खरं होतं, पण त्याच्याबरोबर आलेली प्रत्येक म्हण खरी होती असं नाही. वही दोन्ही वेगळं करून दाखवते.

पुराबद्दल वहीनं आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या. त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत.

पहिली. आपल्या दारातला पाऊस आणि आपल्या नदीचं पाणी यांचा मेळ बसेलच असं नाही. आमच्या वहीत अशी पानं आहेत की ‘आज ऊन, कपडे वाळले, पाणी दोन पायऱ्या चढलं’. कारण पाऊस गगनबावड्याला, राधानगरीला, विशाळगडाच्या अंगाला पडत असतो. तिकडचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस यात किती फरक असतो ते आपल्याला माहीत आहे. पण पाणी मात्र सगळं खालीच येतं. म्हणून आभाळ निवळलं म्हणून गाफील राहायचं नाही.

दुसरी. मोठे पूर कधी आले ते बघा. २००५ चा जुलैच्या अखेरीला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. २०२१ चा २३-२४ जुलैच्या सुमाराला. नक्षत्रानं बोलायचं तर पुष्य म्हणजे आपला म्हातारा पाऊस, आणि त्याच्या पाठचं आश्लेषा. म्हातारा साधारण १९-२० जुलैला लागतो. पुढचा पूर याच दिवसांत येईल असं काही लिहून दिलेलं नाही. पण आमच्या गटानं ठरवलंय की म्हातारा लागायच्या आत कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची, वैरण वरच्या रानात टाकायची आणि दाव्याच्या गाठी अशा मारायच्या की अंधारातही एका हातानं सुटाव्यात. ही शेवटची गोष्ट रेडीनं शिकवली.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. पाणी कुठवर आलंय यापेक्षा ते किती वेगानं चढतंय ते बघायचं. २०१९ ला पारापासून देवळापर्यंत यायला पाण्याला चार दिवस लागले होते, असं आत्तींनी आठवून सांगितलं आणि मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं. २०२१ च्या जुलैत तेवढंच अंतर पाणी एका रात्रीत निम्म्याहून जास्त चढलं. सकाळी मी आणि आत्ती पाणंदीच्या टोकाला उभ्या राहिलो, घरी आलो आणि वही मामंजींच्या पुढं ठेवली. म्हटलं, “हे बघा, आधी कसं चढलं होतं आणि आज कसं चढलंय.” त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग काही न बोलता उठले आणि दावी सोडायला लागले. रेडिओवर आणि फोनवर सूचना येतच होत्या. दुपारच्या उजेडात जनावरं माळावर गेली. शेजारच्या चार घरांनीही आमचं बघून सोडली. संध्याकाळी पाणंद बुडाली. त्या वर्षी घर पुन्हा पाण्यात गेलं, भिंत पडली, पण गोठ्यातलं एक जनावर गेलं नाही.

मात्र एक नीट लक्षात ठेवा. घरची वही सरकारी सूचनेच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे रेडिओवर येतात, ते ऐकायचे. आम्ही काय केलं, राजारामला जो आकडा सांगतात त्याच दिवशी आमच्या घाटावर पाणी कुठल्या खुणेला आहे ते शेजारी लिहीत गेलो. दोन-तीन पावसाळ्यांत आम्हाला कळलं की ३९ लागायच्या आधीच आमची पाणंद बंद होते. म्हणजे आमचा इशारा ३९ च्या आधीच आहे. तुमच्या गावचा वेगळा असेल. तो तुम्हीच काढायला पाहिजे, कारण तुमच्या ओढ्यावर येऊन कुणी तो काढून देणार नाही.

असं बघून लिहायची रीत जगात जुनी आहे. जपानात क्योतो म्हणून शहर आहे. तिथं चेरीची झाडं कधी फुलली याच्या नोंदी जुन्या रोजनिश्यांतून बाराशे वर्षांपासूनच्या मिळतात. कुणी सणाच्या निमित्तानं लिहिलं, कुणी मेजवानीच्या. त्यांच्या मनात संशोधन नव्हतं. पण २०२१ साली फुलं २६ मार्चलाच ऐन बहरात आली, तेव्हा त्या नोंदींवरनं सांगता आलं की इतक्या शतकांत ती इतक्या लवकर कधी आली नव्हती. आपल्याकडं दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं, एकेका मराठी महिन्यात झाडं, पाखरं, आभाळ कसं बदलतं ते स्वतः बघून. गावच्या वाचनालयात असेल तर आणून वाचा. आणि ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम देशभर चालतो. त्यात शाळेची मुलं, गावची माणसं एकेक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याला पालवी, फूल, फळ आहे का ते कळवतात.

आता तुम्हाला सुरू करायचं असेल तर कसं करायचं?

जागा एकच घ्या, आणि जिथं तुम्ही कामासाठी जाताच अशी घ्या. विहीर, ओढा, तळ्याचा बांध, देवळामागचं एक झाड, काहीही. खास वेळ काढून जावं लागलं तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. वार ठरवा. बघायच्या गोष्टी पाचच ठेवा. आमच्या पाच म्हणजे पाणी, उंबर, करंज, पाखरं आणि काठाचं गवत-भाजी. तारीख इंग्रजी महिन्याची लिहा, जमलं तर नक्षत्रही. पाहिलं तेवढंच लिहा. दुसरीनं सांगितलं असेल तर ‘अमकीनं सांगितलं’ असं लिहा. गेला नाहीत तर पान कोरं सोडा, अंदाजानं भरू नका. फोन असेल तर एकाच दगडावर उभं राहून एकाच दिशेचा फोटो महिन्यातनं एकदा काढा. लिहिता येत नसलेल्या बाईला बरोबर घ्या, कारण तिचं बघणं बहुतेक आपल्यापेक्षा पक्कं असतं. घरट्याला, अंड्याला हात लावू नका. पुराच्या पाण्याजवळ तर कुणीच जाऊ नका, वहीसाठी सुद्धा नाही.

आणि घाई करू नका. एका वर्षाच्या नोंदीवरनं ‘हवामान बदललं’ असं म्हणता येत नाही. आमचेही सहाच पावसाळे झालेत. करंज लवकर फुलतोय का, धोबी उशिरा येतोय का, हे आम्ही अजून सांगत नाही. ते कदाचित माझी सून सांगेल.

आत्ती २०२२ च्या दिवाळीनंतर गेल्या. त्यांच्या हातची शेवटची नोंद, म्हणजे त्यांनी सांगितलेली आणि मी लिहिलेली, अशी आहे: ‘आज धोबी आला. पाणी निवळ. उंबर पिकायला लागलंय.’ त्यानंतरच्या सोमवारी मला जायचं मन होत नव्हतं. पण गटातल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या, धुण्याची बादली घेऊन. एक म्हणाली, “चला वैनी, सोमवार हाय.” तेव्हापासून आम्ही पाचजणी जातो. वही आता गटाच्या पेटीत असते, हिशेबाच्या वहीशेजारी, आणि महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की घाटाची पानंही वाचतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही जास्तीची घ्या. पहिल्या पानावर जागेचं नाव लिहा, तारीख घाला आणि म्हाताऱ्या बायांना विचारा, आजवर इथं सगळ्यात वर पाणी कुठं आलं होतं. तिथून सुरुवात करा.